म्हणे झाड ‘अचानक’ वाळलं!

अचानक? तीन वर्षांपूर्वी केबलसाठी बुंध्याला खेटून चर खणला, मनगटाएवढी मुळं कुदळीने तोडली, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. अहो, पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात! त्यावर पेव्हर ब्लॉक, बुंध्याला चिकटून काँक्रीट. पाणी मुरणार कुठून? झाड बिचारं साठवलेल्या अन्नावर दोन-चार पावसाळे काढतं, शेंड्याकडून वाळत येतं. पण वर बघतो कोण! परवा तोडलेला बुंधा पाहिला. रोप असताना घातलेली लोखंडी जाळी सालीत पार रुतलेली. आणि शेजारी म्हणतात, कीड लागली असेल. आता त्याच काँक्रीटच्या भोकात नवं रोप लावणार आहेत. फोटोसकट.