‘हसा आणि कॅन्सर पळवा’ या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

तो मेसेज तुम्हालाही आला असणार. वर उगवता सूर्य, खाली पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि मग मुद्दे. लहान मूल दिवसाला 400 वेळा हसतं, मोठा माणूस जेमतेम 15 वेळा. एक मिनिट हसणं म्हणजे दहा मिनिटं रोइंग मशीन, म्हणजे जिममधलं वल्ही मारायचं यंत्र. खोटं हसलात तरी शरीराला फरक कळत नाही. हसायला 17 स्नायू, आठ्या घालायला 43. हसणारे जास्त जगतात. जिथे हसू तिथे आरोग्य. प्राण्यांत फक्त माणूस हसतो. आपल्या ऋषिमुनींना हे सगळं आधीच ठाऊक होतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत, "जो मनापासून हसतो त्याला कॅन्सर होत नाही, झालेला असेल तर तो पळतो."

असले मेसेज मी न वाचता उडवत आलोय, कुणाचं काय जातं म्हणून. या वेळी तो फॅमिली ग्रुपवर माझ्या मावशीला टॅग करून आला, तिची केमो चालू असताना, आणि खाली एका नातेवाइकांची पुरवणी, "ताई, तुम्ही पहिल्यापासून फार गंभीर, आता तरी हसायला शिका." मावशीने नमस्काराचे हात टाकून विषय मिटवला. माझा काही मिटला नाही. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो, बाकीचे जमतील तसे.

"गंभीर होतात म्हणून झालं, हसाल तर जाईल." लिहिणाऱ्याला हे प्रेमळ वाटत असेल, ऐकणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच की आजार तुझ्या चुकीने आला आणि बरी नाही झालीस तर तीही तुझीच चूक. बरं, हे खरं आहे का हे कुणी तपासलंच नाही असंही नाही. जेम्स कॉइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2007 साली ‘कॅन्सर’ या जर्नलमध्ये एक अभ्यास छापलाय. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे 1093 पेशंट, सगळे मोठ्या क्लिनिकल ट्रायल्समधले, म्हणजे कुणाला काय उपचार मिळाले, आजार किती पुढे गेलेला होता, याची व्यवस्थित नोंद असलेले. सुरुवातीलाच प्रत्येकाला मनःस्थितीबद्दल विचारलं होतं, उदास वाटतं का, आजाराशी लढायची उमेद जातेय का, मरणाची काळजी वाटते का. अभ्यास होईपर्यंत त्यातले 646 जण गेले. म्हणजे मनाचा आणि जगण्या-मरण्याचा संबंध असता तर तो दिसायला भरपूर जागा होती. दिसला नाही. खुशीत असलेले जास्त जगले नाहीत, खचलेले लवकर गेले नाहीत. त्यांनी वेगवेगळे गट पाडून पुन्हा पाहिलं, तरी नाही.

आता कुणी म्हणेल, यात हसणं कुठे मोजलंय? नाही मोजलं, मान्य. पण फॉरवर्डचं म्हणणं काय आहे, हसल्याने मन प्रसन्न होतं आणि प्रसन्न मन कॅन्सरला हरवतं. त्यातला दुसरा अर्धा भागच जर टिकत नसेल तर पहिल्या अर्ध्याचं काय करायचं?

आणि जरा समोरच्या माणसाकडे बघा की. केमोनंतर साधारण आठवड्याभरात बऱ्याच जणांचं तोंड येतं. मावशीच्या गालाच्या आत आणि जिभेवर फोड आहेत, ओठांचे कोपरे फाटलेत, पाणी प्यायचं तरी आधी एक डोळा मिटून घेते. हसायला ओठ ताणले की कोपऱ्यातून रक्त येतं, अक्षरशः. तरी कुणी भेटायला आलं की ती हसतेच, कारण "हसतेय ना, मग बरी होणार" हे प्रत्येक जण येऊन बोलून गेलाय आणि आता चेहरा पडलेला दिसला तर लोक घाबरतील अशी तिलाच काळजी. आजारपण कमी होतं म्हणून त्यात ही आणखी एक ड्युटी.

या मुद्द्याला पुरावा म्हणून फॉरवर्डमध्ये "अमेरिकेतल्या एका संपादकाने कॉमेडी पिक्चर बघून कॅन्सर बरा केला" असंही ठोकून दिलंय. तो माणूस खरा आहे, नॉर्मन कझिन्स, ‘सॅटरडे रिव्ह्यू’ या नियतकालिकाचा संपादक. पण त्याला कॅन्सर नव्हताच! 1964 साली त्याला सांध्यांचा, पाठीच्या कण्याचा गंभीर आजार असल्याचं निदान झालं. तो विनोदी फिल्म बघायला लागला, पुढे हॉस्पिटल सोडून हॉटेलात राहायला गेला, आणि दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते असं त्याने लिहून ठेवलं. त्याच वेळी तो शिरेतून व्हिटॅमिन सीचे प्रचंड डोस घेत होता, हॉस्पिटलमधल्या भारी वेदनाशामक गोळ्या बंद केल्या होत्या आणि त्याचा डॉक्टर मित्र सतत सोबत होता. यातलं नेमकं कशाने बरं वाटलं? की आजार आपोआप उतरला? की निदानच चुकलेलं होतं? एका माणसावरून हे कळायला काही मार्गच नाही. स्वतः कझिन्सनेच पुढे म्हटलं की हसणं हे आपल्या लेखनात सगळ्याच चांगल्या भावनांचं प्रतीक म्हणून आलं होतं. ते प्रतीक फॉरवर्ड होत होत गोळी झालं.

"शास्त्रज्ञांनी हार्मोन्स मोजून सिद्ध केलंय" हे जे वाक्य मध्येच येतं, त्याचा उगम बहुतेक वेळा ली बर्क या अमेरिकन संशोधकाचा 1989 चा अभ्यास असतो. त्यात माणसं किती? दहा. पाच जणांनी तासभर विनोदी व्हिडिओ पाहिला, पाच जण नुसते बसले. सगळे धडधाकट पुरुष. त्यांच्या रक्तातले स्ट्रेसचे हार्मोन्स थोडा वेळ बदलले. हे रंजक आहे, पुढे शोध घ्यायला चांगली सुरुवात आहे, पण पाच निरोगी माणसांच्या एका तासावरून केमो घेणाऱ्या बाईला सल्ला द्यायचा म्हणजे कमाल आहे.

आता खोट्या हसण्याचं. "शरीराला कळत नाही" म्हणे. अहो, शरीराचं सोडा, परक्या देशातल्या अनोळखी माणसालासुद्धा कळतं. ग्रेग ब्रायंट आणि मंडळींनी 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात 21 वेगवेगळ्या समाजांतल्या 884 लोकांना हसण्याचे छोटे आवाज ऐकवले, काही मित्रांच्या गप्पांत आपोआप फुटलेले, काही सांगून काढायला लावलेले, आणि कुठलं खरं ते ओळखायला सांगितलं. शंभर टक्के कुणालाच जमलं नाही, पण प्रत्येक समाजात अंदाजपंचेपेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखलं गेलं. आपोआप येणारं हसू मेंदूच्या आतल्या जुन्या भागांतून, भावनांच्या यंत्रणेतून येतं, ठरवून काढलेलं हसू हालचाली ठरवणाऱ्या बाहेरच्या भागातून. वाटाच वेगळ्या. डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदातच आवळला जातो हे द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1862 सालीच लिहिलं होतं, आणि ते शंभर टक्के तसंच नसलं तरी फोटोतलं बळंच हसू आपल्याला का खटकतं ते त्यातून कळतं.

इथे मात्र मला थोडं मागे सरावं लागतं. चेहरा हसरा केला तर मनावर काहीच होत नाही असंही नाहीये. दातांत पेन धरून (त्याने तोंड आपोआप हसरं होतं) कार्टून किती मजेशीर वाटतं ते बघायचा 1988 चा गाजलेला प्रयोग 2016 मध्ये 17 लॅब्जनी पुन्हा करून पाहिला तेव्हा आपटला होता, पण 2022 मध्ये 19 देशांतल्या 3878 लोकांवर मोठा प्रयोग झाला, त्यात मुद्दाम हसरा चेहरा केलेल्यांना किंचित बरं वाटलं. किंचित. पेनवाल्या पद्धतीने तेवढंही धड दिसलं नाही. तर घ्या, हा अर्धा गुण तुमचा.

अजून एक अर्धा गुण देतो, नाइलाजाने. रॉबिन डन्बारच्या ऑक्सफर्डमधल्या टीमने 2012 मध्ये दाखवलं की इतरांसोबत विनोदी व्हिडिओ बघून खळखळून हसल्यावर माणसं वेदना जरा जास्त सहन करू शकतात, दंडावरचा बीपीचा पट्टा आवळत नेला तर जास्त वेळ "बस" म्हणत नाहीत. म्हणजे कझिन्सची दोन तासांची झोप अगदीच थाप नसावी. पण यात "इतरांसोबत" हा शब्द महत्त्वाचा आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही.

हसण्यावर वर्षानुवर्षं काम केलेला रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून मानसशास्त्रज्ञ होता. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, कॉलेजच्या आवारात गुपचूप कान देऊन 1200 वेळा कोण, कशावर हसलं ते टिपून घेतलं. त्यात विनोदासारखं काही म्हटलं गेलं होतं ते फक्त 10 ते 20 टक्के वेळा. बाकी सगळं "चला, निघतो आता", "भेटून बरं वाटलं" असल्या सपक वाक्यांवर. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो, आणि ते हसू वाक्याच्या मधे घुसत नाही, वाक्य संपल्यावर पूर्णविरामासारखं येतं. पुढच्या फोनवर स्वतःकडेच लक्ष द्या, "हो हो, पाठवते" म्हणून झालं की छोटंसं हसू, त्यात विनोद शोधून सापडणार नाही. आणि प्रोव्हाइनच्याच नोंदींप्रमाणे माणूस एकटा असताना हसतो त्यापेक्षा सोबतीत जवळजवळ 30 पट जास्त हसतो. मग मावशीने हसावं असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी मेसेज कशाला टाकायचा? येऊन तासभर बसा ना. आजाराबद्दल एक शब्द न काढता नेहमीसारख्या कुचाळक्या करा, हसायचं की नाही ते तिचं ती बघेल.

"हसणारे जास्त जगतात." हा मुद्दा तर उलटाच पडतो. कॅलिफोर्नियात 1921 मध्ये सुमारे 1500 हुशार मुलांचा अभ्यास सुरू झाला आणि पुढे त्यांच्या आयुष्यभर चालला. पालकांनी आणि शिक्षकांनी ज्यांना आनंदी, विनोदी म्हणून गुण दिले होते ती मुलं सरासरीने लवकर गेली, असं हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांना 1993 मध्ये आढळलं. जास्त जगली ती काटेकोर, जबाबदार मुलं, म्हणजे ज्यांना आपण "फार गंभीर" म्हणतो ती! ग्रुपवरच्या त्या नातेवाइकांनी हे दोनदा वाचावं. उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच दिलं. नॉर्वेत 53,556 लोकांवर 15 वर्षं नजर ठेवून 2016 मध्ये छापलेल्या अभ्यासात विनोदबुद्धी आणि जास्त जगणं यांचा संबंध दिसला, विशेषतः बायकांमध्ये. पण तो विनोद चटकन कळण्याशी होता. सहज हसू येण्याशी किंवा चारचौघांत हसण्या-हसवण्याशी नव्हता.

400 वेळांचा मुद्दा साध्या गणितातच संपतो. मूल बारा तास जागं धरलं तर 720 मिनिटं, म्हणजे दर दोन मिनिटांच्या आत एकदा हसणार, खाताना, रडताना, रुसून कोपऱ्यात बसलेलं असताना सगळं धरून. मोठ्यांचा आकडा मात्र फार चुकलेला नाही, रॉड मार्टिन आणि कायपर या मानसशास्त्रज्ञांच्या 1999 च्या अभ्यासात मोठ्यांनी तीन दिवस नोंद ठेवली तेव्हा सरासरी दिवसाला 17-18 च्या आसपास आली होती. 17 आणि 43 स्नायूंना कुठलाच आगापिछा नाही, सोडून द्या. रोइंग मशीनचं मूळ विल्यम फ्राय या हास्य-संशोधकाच्या एका निरीक्षणात आहे, तेही स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांबद्दल, व्यायामाबद्दल नाही. दिवसाला 10-15 मिनिटं खरोखर हसलात तर 10 ते 40 कॅलरी जास्त जळतात, बस. फक्त माणूस हसतो हेही चूक, गुदगुल्या केल्यावर चिंपांझी आणि गोरिला हसतात आणि त्या आवाजाचं आपल्या हसण्याशी नातं आहे.

"जिथे हसू तिथे आरोग्य" यावर एकच उदाहरण. 1962 मध्ये तेव्हाच्या टांगानिकात (आजचा टांझानिया), काशाशा इथल्या मुलींच्या निवासी शाळेत हसण्याची साथ आली. 159 पैकी 95 मुलींना हसण्या-रडण्याचे झटके येत होते, काहींना तासन्तास, काहींना दिवसेंदिवस, आणि शेवटी शाळा बंद करावी लागली. कुणीही मजेत नव्हतं.

राहिले ऋषिमुनी. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, आणि डोळ्यांत पाणी, कुशी धरून मोठ्याने खिदळणं वगैरे शेवटचे दोन अधम पात्रांसाठी. अर्थात ही रंगमंचावरच्या अभिनयाची विभागणी आहे, तिचा औषधाशी काही संबंध नाही. पण पूर्वजांची साक्ष काढायचीच असेल तर निदान ते काय म्हणाले ते बघून काढा. फॉरवर्डमध्ये ज्याला रामबाण म्हटलंय, त्याला भरताने तळाला बसवलंय.

मेसेजच्या शेवटी "किमान दहा जणांना पाठवा" असंही आहे. पाठवायचाच असेल तर ते कॅन्सरचं वाक्य काढून पाठवा, आणि ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना तसाही नको.