फुकटचं गरम पाणी आणि बंड्याची सॅक

गरम पाण्याच्या कुंडात उतरून डोक्याला शाम्पू लावतात ती रील आत्तापर्यंत सगळ्यांच्या फोनवर तीनतीनदा येऊन गेलीय, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही. रविवारी रात्री कट्ट्यावर तिच्यावरून जे पेटलं ते लिहून ठेवतोय, कारण बंड्या नंतर म्हणणार की मी असं बोललोच नव्हतो.

हजर मंडळी: बंड्या, शिल्पा, डॉक्टर (डॉक्टर नाहीये, मेडिकलचं दुकान आहे, पण आख्खी गल्ली त्याला विचारूनच गोळ्या घेते), अण्णा आणि मी. डोंबिवलीतली थंडी म्हणजे काय तर पंखा पाचावरून दोनावर, तरी अण्णा कानटोपी घालून आलेले.

सुरुवात बंड्यानंच केली. "शाम्पू चूकच आहे, पण मुद्दा तो नाहीये, मुद्दा हा की लोक रिसॉर्टला पाच-पाच हजार घालून टबात बसतात आणि इथे निसर्गानं फुकट जाकूझी देऊन ठेवलीय, कुणाला पत्ताच नाही."

झालं. आता हिमाचल येणार हे सगळ्यांना कळलं. बंड्या मे महिन्यात अकरा दिवस हिमाचलला जाऊन आला, अकरा हजारात, आणि ते अकरा दिवस आम्ही तेव्हापासून रोज थोडेथोडे जगतोय. दिल्लीपर्यंत स्लीपर, काश्मिरी गेटवरून हिमाचलची साधी सरकारी बस, भुंतरला उतरायचं, तिथून लोकल बसनं मणिकरण. मणिकरणला गुरुद्वारात राहायला जागा, जेवायला लंगर, अंघोळीला गरम पाण्याचं कुंड. बाहेरचं पाणी तर इतकं कडक की लोक तांदळाची पुरचुंडी दोऱ्याला बांधून आत सोडतात आणि भात शिजवून घेतात. मग बरशैणीपर्यंत बस आणि पुढे खीरगंगा, बारा-एक किलोमीटर चढ, साधारण २९०० मीटर उंची, वर बर्फाचे डोंगर आणि आपण गळ्यापर्यंत गरम पाण्यात. खर्च शून्य. (हे 'शून्य' म्हणताना तो बोटांचं वेटोळं करून दाखवतो.)

शिल्पा इतका वेळ शेंगदाणे सोलत होती. म्हणाली, "सॅक केवढ्याची रे तुझी?"

"सॅकचा काय संबंध?"

"केवढ्याची?"

"ती इन्व्हेस्टमेंट आहे. आयुष्यभर टिकते."

"केवढ्याची ते सांग ना."

"चौदा."

अण्णांनी कानटोपी वर केली. "म्हणजे अकरा हजारांची ट्रिप चौदा हजारांच्या पिशवीत भरून नेलीस."

"आणि लंगरच्या पेटीत किती टाकलेस?" शिल्पा सोडायलाच तयार नाही.

"पैसे टाकणंच म्हणजे सगळं नसतं. मी सेवा केली तिथे. भांडी घासली. फोटो आहे."

"बघितलाय. एक ताट आहे हातात. तुझ्या मागे ढीग दिसतोय."

इथे डॉक्टरनं हरिश्चंद्रगडचा विषय काढला. २०१६ साली आम्ही त्याच्या गाडीतून गेलो होतो, पेट्रोलचे प्रत्येकी तीनशेचाळीस निघाले, सगळ्यांनी दिले, बंड्याचे अजून यायचेत. बंड्या म्हणतो त्यानं वाटेत सगळ्यांना भजी खिलवली, तर ती वळती करा. भजी एक प्लेट होती आणि आम्ही पाच जण. हा वाद दर दोन महिन्यांनी होतो, त्याचं सविस्तर वर्णन करत नाही.

आता मी खरं सांगतो, मनातून मी अर्धा बंड्याच्या बाजूनं होतो. दोन वर्षांपूर्वी बाईकवरून गोव्याला जाताना संगमेश्वरच्या अलीकडे तुरळला थांबलो होतो, कुंड हायवेला लागूनच आहे. दिवसभर त्या हायवेचे धक्के खाऊन पाठीचे मणके मोजता येतील अशी अवस्था, आणि ते पाणी साठ डिग्रीच्या आसपास, म्हणजे पहिल्यांदा पाय घातला आणि आई आठवली. मग बादलीत काढून गार करून घेतलं, पायावर ओतलं, आणि पंधरा मिनिटं नुसता बसलो. मागे ट्रक जातायत, हॉर्न वाजतायत, आणि तळपायातून काहीतरी सुटत सुटत वर येतंय असं वाटत होतं. कुणी तेव्हा पाचशे मागितले असते तरी दिले असते. कुणी मागितले नाहीत, मी पण दिले नाहीत, उठून निघालो. हे मी कट्ट्यावर बोललो नाही.

शिल्पाची आत्या त्याच भागातली. "आमच्याकडे त्याला कुणी जाकूझी म्हणत नाही, उन्हाळं म्हणतात. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे, गावांची नावंच बघ, त्या पाण्यावरून पडलीत. आत्या सांगते, बायका पहाटे चार-साडेचारला जायच्या, पुरुष उठायच्या आत. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या, बाळंतिणी. अंधारात. मग दिवसभर पुरुष. तू जे गळ्यापर्यंत बसून बर्फाचे डोंगर बघितलेस ना, तिथे बायकांचं कुंड बघितलंस?"

"बाजूला होतं. भिंत घातलेली."

"म्हणजे बायकांना पाणी तेच, फक्त डोंगर नाहीत. भिंत बघत बसायचं."

बंड्या म्हणाला ती सेफ्टी असते. शिल्पा म्हणाली असू दे की, मी कुठे पाडा म्हणतेय. पण मागच्या वर्षी ती एका ठिकाणी गेली होती (नाव घ्यायचं नाही असं ठरलंय), तिथे बायकांच्या खोलीच्या दाराला कडीच नाही, तर ती आणि तिची बहीण आळीपाळीनं अंघोळ करणार आणि दुसरी बाहेरून दाराला पाठ लावून उभी. "तुझा खर्च शून्य, माझा खर्च एक बहीण."

यावर कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्यानं न सांगता पाच कटिंग आणून ठेवले.

शांतता झाली की डॉक्टर विज्ञानात शिरतो. त्याचं म्हणणं, कोकणातल्या पाण्याखाली ज्वालामुखी वगैरे काही नाही, लोक उगाच घाबरतात. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल उतरतं, खाली दर किलोमीटरला पंचवीस-तीस डिग्री तापमान वाढत जातं, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. पालघरकडच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत जवळजवळ ३०० किलोमीटरच्या एका पट्ट्यात अशी १८ तरी ठिकाणं आहेत, जवळजवळ एका रेघेत, कारण भेगाच तशा गेल्यात. अण्णा म्हणाले वज्रेश्वरीचं पाणी गरम आहे ते देवीनं मारलेल्या राक्षसांच्या रक्तानं. डॉक्टर म्हणाला तेही असेल.

"आणि नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही," डॉक्टर पुढे, "एक अमीबा असतो, डोळ्याला न दिसणारा जीव, तो कोमट गोड्या पाण्यातच वाढतो, नाकातून थेट मेंदूकडे. केस क्वचित असतात पण झाली तर माणूस बहुतेक जातोच. डोकं बुडवायचं नाही, सूर मारायचा नाही. आणि ट्रेक करून आल्या आल्या तासभर बसायचं नाही, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, उठलास की आडवा."

बंड्या गप्प. फारच गप्प. मग कळलं की खीरगंगेला साहेब दीड तास बसले होते आणि उठल्यावर एका इस्रायली बाईच्या अंगावर पडले. हे अकरा दिवसांच्या वर्णनात आजवर कधीच आलं नव्हतं. "थकवा होता," म्हणे.

पुढे गाडी तिकिटावर आली. कुंडावर येणाऱ्यांकडून गावानं वीस रुपये घ्यावेत की नाही. बंड्या एकदम पेटला, खुर्चीवरून उठला, हात वगैरे. निसर्गाला तिकीट लावणार? उद्या समुद्राला लावाल, हवेला लावाल, गरिबानं कुठे जायचं?

"निसर्गाला नाही रे," शिल्पा म्हणाली, "खराट्याला. ते शाम्पूचे सॅशे वेचतं कोण? शेवाळ घासतं कोण? तू फुकट म्हणतोस ना, ते फुकट नाहीये, तुझं कुणीतरी भरतंय. आणि गरीब तू कधीपासून झालास?"

"गावकऱ्यांना माफी, बाहेरच्यांना वीस," मी म्हणालो.

"बंड्याला चाळीस," डॉक्टर.

बंड्यानं शेवटचा पत्ता टाकला. पैसे आले की धंदा येतो, धंदा आला की खीरगंगेसारखं होतं, वर नुसते तंबू आणि ढाबे, मग २०१८ ला कोर्टाचा आदेश, वनखात्यानं सगळं उठवलं, तरी तंबू परत आलेच. मुद्दा खरं तर बरा होता. पण तो तिथे तंबूत राहायला मिळालं नसतं तर गेला असता का, असं शिल्पानं विचारल्यावर त्यानं चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तुटून आत पडलं.

मग अण्णा बोलले. अण्णा फार बोलत नाहीत. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला ऑफिसच्या ग्रुपबरोबर सिमल्याला गेले होते, तिथून तत्तापानीला. सतलजच्या काठावर वाळूत हातानं खड्डा केला की गरम पाणी वर यायचं, आणि एक पाऊल पुढे टाकलं की नदी, बर्फासारखी. काकू साडी वर खोचून एक पाय इकडे एक पाय तिकडे अशा उभ्या राहिल्या होत्या. "फोटो आहे घरी. दोन वर्षांपूर्वी मुलगा जाऊन आला. मी सांगितलं वाळूत खड्डा कर. तर वाळूच नाही. कोल धरणाचं पाणी चढलं, झरे सगळे खाली गेले. आता काठावर पाणी पंपानं वर काढून न्हाणीघरात देतात."

"बघा," बंड्या म्हणाला, "हेच म्हणतोय मी."

"तू हे म्हणत नव्हतास," शिल्पा म्हणाली, पण हळू.

काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. डॉक्टरनं अण्णांच्या हातातला गार झालेला ग्लास बदलून दिला.

वातावरण जड झालं म्हणून असेल किंवा सवयीनं असेल, शिल्पानं बंड्याला विचारलं की तुझी ती गळ्यातली चांदीची चेन कुठे गेली. आणि मग जे बाहेर आलं त्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं. वशिष्ठला, मनालीच्या वर, देवळाजवळचं कुंड, ते पण फुकट, तिथे हा चेन घालून उतरला. त्या पाण्यात गंधक. चेन काळीठिक्कर. घरी आल्यावर आईनं बघितलं आणि ठरवलं की पोराला जबरदस्त नजर लागलीय, इतकी की चांदीनं ओढून घेतली. मीठ-मोहऱ्या झाल्या, लिंबू झालं, तीन शनिवार मारुती झाला, आणि चेन वाहत्या पाण्यात सोडायची म्हणून काकांनी उल्हास नदीत नेऊन सोडली.

"अरे गंधकानं चांदी काळी पडतेच," डॉक्टर ओरडला. "गरम पाणी, खायचा सोडा आणि अॅल्युमिनियमची फॉइल, पाच मिनिटांत पांढरी झाली असती! दहा रुपयांत!"

"केवढ्याची होती?" शिल्पा.

बंड्या बोलेना.

"केवढ्याची?"

"साडेपाच."

अण्णा हसता हसता ठसकले. "म्हणजे खर्च शून्य," असं म्हणून त्यांनी बोटांचं वेटोळं केलं आणि टपरीवाला सुद्धा बाकड्यावर बसला हसत.

शेवटी पुढच्या रविवारी वज्रेश्वरीला जायचं ठरलं. एसटीनं. अण्णांचं वय पंचाहत्तरच्या वर, त्यांना फुकट. शिल्पाला अर्धं. बंड्यानं हिशोब केला आणि म्हणाला, म्हणजे आख्ख्या ग्रुपमध्ये पूर्ण तिकीट आम्ही तिघंच भरणार, हा काय न्याय आहे, त्यापेक्षा डॉक्टरची गाडी काढूया.

डॉक्टर म्हणाला काढतो की. आधी तीनशेचाळीस.