सवतीला पुल्लिंग नाही

गुरुवारी साडेसातला ती निघाली. कुठे, कोणाकडे, परत किती वाजता, सगळं आमच्या सामाईक गूगल कॅलेंडरवर हिरव्या रंगात. लपवाछपवी नाही. नातं खुलं ठेवायचं हे तीन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ठरवलं, प्रस्ताव माझाच. (हे ती प्रत्येक भांडणात काढते, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.)

तयारी म्हणून वाचन दांडगं केलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९७१ ते १९९१ केरिस्टा नावाचं कम्यून होतं. कोणी कोणाजवळ कधी झोपायचं याच्या त्यांनी पाळ्या लावल्या होत्या, सोसायटीच्या पाण्यासारख्या. आपलं माणूस दुसऱ्याबरोबर सुखात आहे हे पाहून आपल्याला होणारा आनंद, याला त्यांनी शब्द काढला : कम्पर्शन. मराठीत तो नाही. मराठीत सवतीमत्सर आहे, आणि तोही बायकांच्या वाट्याचा. सवतीला पुल्लिंगच नाही! म्हणून त्या गृहस्थाला मी नुसतं 'गुरुवार' म्हणतो.

आठपर्यंत मी अगदी केरिस्टा होतो. खिचडी लावली, शिट्ट्या मोजल्या, फ्रीज उघडला. चटणीची बरणी नाही. आईने सोलापूरहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. फळीवर फक्त बरणीच्या बुडाचा तेलकट गोल.

'चटणी?' मी मेसेज टाकला.

'अरे, त्याने कधी खाल्लीच नव्हती. थोडी आणलीये.'

थोडी म्हणजे बरणीसकट. पाठोपाठ फोटो. त्याने ती पास्त्यावर भुरभुरली होती.

तिने त्याचा हात धरला असता तर माझी हरकत नव्हती, तसं आमच्यात लेखी ठरलंय. चटणीचं कलम घालायचं राहून गेलं. पोटात जी कालवाकालव झाली ती खिचडीने शमेना. ती कोरडीच गिळली.

अकराला ती आली.

"जळतोयस ना?"

"मी? छे. आईला काय सांगू, एवढाच प्रश्न आहे."

तिने बरणी ओट्यावर ठेवली. घासलेली, पुसलेली, आणि भरलेली. डिंकाचे लाडू. रिकामं भांडं परत पाठवू नये, हे त्यालाही कोणीतरी शिकवलं होतं म्हणायचं. शत्रूला एवढं वळण असू नये.

उभ्याउभ्याच दोन खाल्ले. तिसऱ्याला हात घातला तेव्हा तिने विचारलं, "त्याला काय कळवू?"

"वेलची कमी आहे म्हण."