लाव्हाखालची खचदरी: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. एकाच गुरुत्व विसंगतीला (मोजलेल्या आणि अपेक्षित गुरुत्वाकर्षणातल्या फरकाला) जमिनीखालच्या हजार रचना जुळवता येतात, म्हणून ‘दख्खनच्या लाव्हाखाली खचदरी (जमीन ताणून खचल्याने झालेली लांबट दरी) आहे’ हे विधान अंदाजपंचे. आणि कोयनेची खचदरी ड्रिलिंगमध्ये सापडलीच नाही. पहिला अर्धाच बरोबर आहे, दुसरा बराचसा.

उथळ, पसरट वस्तुमान खोल वस्तुमानाची नक्कल करू शकतं. खोल वस्तुमानाला उथळाची नक्कल जमत नाही. लांबट दरीसाठी विसंगतीची कमाल किंमत तिच्या सर्वात तीव्र उताराने भागा आणि 0.65 ने गुणा. 20 मिलिगॅलची (मिलिगॅल हे गुरुत्व मोजण्याचं बारीक एकक) विसंगती किलोमीटरमागे 2 मिलिगॅलने उतरत असेल, तर तिच्या कारणाचा माथा साडेसहा किलोमीटरच्या खाली असू शकत नाही. त्याहून कितीतरी खोल असलेला पृथ्वीच्या कवचाचा तळ कारण म्हणून तिथेच बाद होतो. अट एकच: घनतेतला फरक सगळीकडे एकाच चिन्हाचा हवा.

दख्खनमध्ये गोची नेमकी इथे होते. ग्रॅनाइट 2.67, गाळाचा खडक 2.45, बसाल्ट (थिजलेला लाव्हा) 2.9 अशा घनता धरा, घन सेंटीमीटरमागे ग्रॅममध्ये. एक किलोमीटर गाळ साधारण 9.2 मिलिगॅल कमी करतो, त्यावरचा एक किलोमीटर बसाल्ट 9.6 वाढवतो. दरी खाली आहे आणि नकाशा सपाट! नसलेली दरी दिसण्याइतकीच असलेली दरी न दिसण्याची भीती मला वाटते.

नसलेली दरी बहुधा प्रादेशिक कल, म्हणजे मोठ्या प्रदेशावरचा संथ चढउतार, वजा करताना जन्मते. मुंबईखाली ठळक धन विसंगती आहे, सह्याद्रीपलीकडे पठारावर किमती ऋण. या सगळ्यावरून एकच बहुपदी वक्र फिरवला तर तो मुंबईच्या उंचवट्याकडे ओढला जातो आणि शेजारी खोटा खोलगट पट्टा उमटतो. म्हणून वक्राची घात (तो किती वळू शकतो हे ठरवणारा आकडा) बदलून पाहायची. पट्टा जागा सोडत असेल तर तो खडकाचा नव्हे, हिशेबाचा.

आता कोयना. 1973 साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी ऋण पट्ट्यांवरून कोयना आणि कुर्डुवाडी या खचदऱ्या मांडल्या. पुढे कोयनेच्या बोअरमध्ये सुमारे 930 मीटर बसाल्टनंतर थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळ नाही. किल्लारीत 338 मीटर बसाल्टखाली 8 मीटर गाळ मिळाला. तेवढ्याने गुरुत्व जेमतेम 0.07 मिलिगॅल घटतं. त्या जागी तरी ऋण विसंगतीचं श्रेय गाळाला देता येत नाही. पण यावरून पद्धतच मोडीत काढणं मला मान्य नाही. उत्तर अमेरिकेतली 110 कोटी वर्षांपूर्वीची मध्यखंडीय खचदरी गुरुत्वामुळेच कान्ससपर्यंत माग काढता आली. ती बसाल्टने भरलेली असल्याने तिथे विसंगती धन आहे, आणि तोच बसाल्ट सुपीरियर सरोवराकाठी उघडा पडलेला असल्याने अर्थ लावायला आधार होता.

आपल्याकडे तो आधार मॅग्नेटोटेल्युरिक मोजणीतून (जमिनीखालचे खडक वीज किती वाहतात याच्या मोजणीतून) मिळू शकतो: गाळ विजेला सहसा चांगला वाहक, बसाल्ट आणि ग्रॅनाइट नाहीत. खंडाळ्याच्या घाटातून गुरुत्व मोजणीची रेषा नेणार असाल तर आधी उंची नीट मोजा. एका मीटरची चूक 0.2 मिलिगॅलला पडते, आणि कड्यांची भूरूप दुरुस्ती (आसपासच्या डोंगर-दऱ्यांचा मोजणीवरचा परिणाम काढून टाकणं) गाळली तर दरीच्या कडा तिथेच खोट्या उमटतात.