वायच चाखून बघा

मे महिन्यात आमच्याकडे हायवेवर कुठेही गाडी थांबवा. आंबेवाला सुरी काढतो आणि हापूसची फोड थेट हातावर ठेवतो. "वायच चाखून बगा, नको तर घेव नका." फणसाचा गरा, काजूगर, खाजं, सगळं आधी जिभेवर आणि मग पिशवीत. बांगडा चाखता येत नाही, तर बाया कल्ले उघडून तरी बघतात. दारूच्या दुकानात मात्र जाळीपलीकडून प्रश्न येतो, "कुठची देऊ?" आणि आपण ओळखीचं एखादं नाव सांगून मोकळे.

गेल्या वर्षी मुंबईहून पाहुणे येणार म्हणून मी तालुक्याच्या गावातून रेड वाइन आणली. लेबल झकास. उघडली तर कोकमाचं आगळ परवडलं, इतकी आंबट! पत्र्याखालच्या त्या दुकानात, आमच्या उकाड्यात, किती महिने उभी होती देव जाणे. परत न्यायला गेलो तर, "सील फोडलात ना? मग झालं." शेवटी ती वाइन कुणीच प्यायली नाही आणि पाहुण्यांनी सोलकढीचे तीन-तीन पेले घेतले.

दुकानातच आधी घोटभर चाखायला मिळाली असती तर? अमेरिकेत काही ठिकाणी मिळते. तिथे दारूचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. कॅलिफोर्नियात २०११ पासून दुकानात चव द्यायचा वेगळा परवाना मिळतो. वाइन एका वेळी १ औंस, म्हणजे जेमतेम ३० मिली, आणि तीही माणशी दिवसाला तीनदाच. चाखायची जागा दुकानात वेगळी आखलेली, अल्पवयीनांना तिथे प्रवेश नाही. म्हणजे फुकटचा गुत्ता नव्हे.

आपल्याकडे वाइन शॉपने सीलबंद बाटली विकायची, तिथे प्यायला द्यायची नाही. मुळात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो. बिअर-वाइनला वय २१, कडक दारूला २५. आता तो परवाना खिशात असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, ते सोडा.

दुकानात चव देऊ द्यावी असं माझं मत आहे, आणि ते पिणाऱ्यांच्या सोयीसाठी नाही. ज्याची बाटली कुणाला माहीत नाही, त्याच्यासाठी. टीव्हीवर दारूची जाहिरात चालत नाही, पण त्याच नावाचा सोडा आणि त्याच नावाचं पाणी चालतं. मोठ्या कंपनीला चव देण्याची गरजच नाही, तिचं नाव पोराटोरांनाही पाठ. छोट्या उत्पादकाकडे चवीशिवाय दुसरं असतं काय? नाशिकच्या वायनऱ्यांनी आपल्या आवारात चाखायला देऊनच तर माणसं वाइनकडे वळवली.

आमचे बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, बघा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०१६ मध्ये त्या सरकारनं तिला वारसा पेय म्हटलं. सीमेच्या अलीकडे काजी त्याच, माती तीच, आणि बोंडू झाडाखाली सडतात. २०२२ मध्ये आपल्या सरकारनं काजू बोंडं आणि मोहफुलांच्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचं ठरवलं. देशी बोंडू, दर्जा विदेशी! पण उद्या सावंतवाडीच्या कुणी चांगली बाटली काढली, तरी न चाखता ती घेणार कोण?

हे घरी बोललो तर वहिनी म्हणाली, "एक घोट घेवन गप घराक इलेलो माणूस दाखव माका." तिच्या माहेरच्या बायकांनी 'आडवी बाटली'साठी, म्हणजे मतदानानं दारूचं दुकान बंद करायला, खटपट केली होती. गावातल्या निम्म्याहून अधिक बायकांनी मत दिल्याशिवाय दुकान बंद होत नाही, तेव्हा एकेक मत जमवणं म्हणजे काय ते तिला ठाऊक. तिचं मी उडवून लावत नाही. तिच्या भावाचं घर रोजच्या उधारीच्या क्वार्टरनं बुडालं, तिथे ३० मिलीचा हिशेब कोण ऐकणार? चव देताना वय तपासायचं, घोट मोजायचे, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला "आज बस झालं" म्हणायचं. हे आमच्या दुकानदाराला जमेल का, याची खात्री मलाही नाही. हायवेलगत तर नकोच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं महामार्गालगतची दुकानं हटवायला सांगितली ती गाडी चालवणाऱ्यांमुळे. त्यात पुढे किती सवलती निघाल्या तो भाग वेगळा. म्हणून सुरुवात बाजारपेठेतल्या मोजक्या दुकानांपासून करावी, फक्त वाइन आणि बोंडूच्या मद्यापासून. व्हिस्की चाखून घ्यायची गरज कुणाला आहे?

तोवर आमचं आपलं ठरलेलं. एप्रिलमध्ये गोव्यात पेडण्याच्या मावसभावाकडे जायचं. भट्टीवर ताजा उराक, म्हणजे बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, करवंटीत ओतून तो म्हणतो, "चाख." मग लिंबूसोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. येताना गाडी बायको चालवते, आणि डिकीत बाटली नसते, कारण वाटेत इन्सुलीचा तपासणी नाका आहे.