रिव्ह्यू जर्नलचे संपादक आणि मावशीचे अकरा कोरे चौकोन

मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. रोज रात्री टॅमॉक्सिफेनची, म्हणजे तिच्या स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी घेतली की ती त्या तारखेवर पेनाने बारीकशी खूण करते. गेल्या महिन्यात जनकगंजात तिच्याकडे गेलो, तर ओळीने अकरा चौकोन कोरे. विचारलं तर तिने मोबाइलच पुढे केला. "आधी हे वाच. भाऊजींनी पाठवलंय."

मेसेज लांबलचक होता. नंतर तो मला ग्वाल्हेरच्या आणखी तीन-चार मराठी ग्रुपांवर दिसला. सार असं: कॅन्सरच्या मोठमोठ्या रिव्ह्यू जर्नलांचे (म्हणजे झालेल्या संशोधनाचा आढावा छापणाऱ्या नियतकालिकांचे) संपादक नावापुरते डॉक्टर असतात, रुग्णाला कधी हात लावत नाहीत. स्वतः काही शोधत नाहीत, दुसऱ्यांचं गोळा करून छापतात. त्यांना औषध कंपन्या पोसतात, म्हणून हळदीसारखे स्वस्त इलाज ते दडपतात. जर्नलचं रेटिंगसुद्धा विकत घेतलेलं असतं. तेव्हा यांच्या भरवशावर लिहून दिलेल्या गोळ्या बंद करा, आणि हे दहा जणांना पाठवा.

मी डॉक्टर नाही. एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं काढली. अंक आले की नोंदवायचे, वर्ष सरलं की बांधणीला पाठवायचे, परीक्षा जवळ आली की रेसिडेंट मुलांना झेरॉक्स काढून द्यायच्या. मुखपृष्ठाच्या आतलं संपादक मंडळाचं पान कोणी वाचत नाही. मी वाचायचो. एवढाच माझा अधिकार.

"रुग्णाला हात लावत नाहीत." व्हिन्सेंट डेविटा हे नाव घ्या. 2004 साली 'नेचर क्लिनिकल प्रॅक्टिस ऑन्कॉलॉजी' हे आढाव्याचं मासिक निघालं (2009 पासून त्याचं नाव 'नेचर रिव्ह्यूज क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'), त्याचे हे पहिले मुख्य संपादक. हा माणूस अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत 1963 साली दाखल झाला. तेव्हा पुढच्या टप्प्यातला हॉजकिन्स (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) म्हणजे मरण, असंच धरून चालत. डेविटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधं एकत्र देण्याची 'मॉप' पद्धत बसवली. 1970 साली त्यांनी निष्कर्ष छापले: 43 रुग्णांपैकी 35 जणांचा आजार पूर्ण मावळला होता. पुढे 1980 ते 1988 ते त्याच संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या मुलाला, टेडला, नवव्या वर्षी अप्लास्टिक अनिमिया झाला, म्हणजे शरीरात नवं रक्त तयार होणंच थांबलं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून इस्पितळातल्या हवा गाळून सोडलेल्या खोलीत तो पोरगा आठ वर्षं राहिला आणि 1980 साली गेला. बाप त्याच इस्पितळात काम करत होता. ज्याला हा 'नावापुरता डॉक्टर' वाटतो, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

डेविटा काही एकटे नव्हेत. या क्षेत्रात संपादकपद बहुधा पिकल्या वयात येतं: आधी वॉर्ड, मग औषधांच्या चाचण्या, मग विभाग, मग हे. आणि ते मुख्य कामाच्या जोडीला करायचं असतं. आमच्या ओळखीचे एक कॅन्सरतज्ज्ञ एका जर्नलसाठी लेख तपासून देत. ओपीडी, राउंड, घरचं जेवण, आणि मग रात्री अकराला लॅपटॉप. मी एकदा विचारलं, किती मिळतात? ते हसले आणि म्हणाले, "चहा आपला आपणच करून प्यायचा."

आता मेसेजवाल्याला माहीत नसलेली एक गोष्ट मीच सांगतो. 2001 साली निघालेल्या 'नेचर रिव्ह्यूज कॅन्सर'सारख्या काही जर्नलांत संपादक पगारी आणि पूर्णवेळ असतात. ते खरोखरच रुग्ण तपासत नाहीत. विज्ञान शिकलेली ही माणसं विषय निवडतात, लेखक शोधतात, मजकुरावर महिनोन्‌महिने घासाघीस करतात. पण त्यांनी यात काही लपवलेलं नाही आणि आपण डॉक्टर असल्याचा आवही आणलेला नाही. तो वेगळा पेशा आहे, इतकंच.

"कंपन्या पोसतात." इथे मात्र आवंढा गिळावा लागतो, कारण हे सरसकट खोटं नाही. होसे बासेल्गा हे स्तनाच्या कॅन्सरमधलं फार मोठं नाव. पर्टुझुमॅब या औषधाच्या ज्या चाचणीने त्या कॅन्सरच्या हर-टू नावाच्या प्रकारावरचे उपचार बदलले, तिच्या 2012 च्या लेखाचे पहिले लेखक तेच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचे ते मुख्य वैद्यकीय अधिकारी होते आणि 'कॅन्सर डिस्कव्हरी' या जर्नलचे सहमुख्य संपादक. सप्टेंबर 2018 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि प्रोपब्लिका यांनी दाखवून दिलं की कंपन्यांकडून मिळालेल्या लाखो डॉलरांचा उल्लेख त्यांनी आपल्या कितीतरी लेखांत केलाच नव्हता. आठवड्याभरात इस्पितळातलं पद गेलं आणि वर्ष सरायच्या आत संपादकपदही.

पण हे उघडकीला आलं कसं? अमेरिकेत 2010 च्या कायद्याने कंपन्यांना डॉक्टरांना दिलेले पैसे जाहीर करावे लागतात, आणि ही यादी इंटरनेटवर कोणालाही बघता येते. पत्रकारांनी एका हातात ती यादी घेतली, दुसऱ्या हातात लेखांच्या शेवटी छापलेलं हितसंबंधांचं निवेदन. दोन्ही जुळेनात. तुम्हाला शंका घ्यायची असेल तर ती जरूर घ्या, पण लेखाच्या त्या शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करा. माझ्या सव्वीस वर्षांत झेरॉक्स मागताना "शेवटचं पान नको, त्यात काही नसतं" असं सांगणारे कितीतरी भेटले. आणि मेसेजवाल्याला खरंच चीड असेल तर त्याने हे विचारावं की अशी सर्वांना खुली यादी आपल्याकडे का नाही.

"दुसऱ्यांचं गोळा करून छापतात." हा आरोप मावशीला थेट लागू पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टॅमॉक्सिफेन 1970 च्या दशकात वापरात आलं. त्याच्या चाचण्या देशोदेशी झाल्या, पण बऱ्याचशा छोट्या. कुठे फायदा दिसे, कुठे दिसत नसे. कोणाचं खरं मानायचं? ऑक्सफर्डच्या रिचर्ड पेटो आणि त्यांच्या गटाने ठरवलं की नुसते छापील लेख वाचून भागणार नाही. प्रत्येक चाचणीतल्या एकेका बाईची नोंद मागवायची आणि एकत्र मांडायची. हे असंच 'गोळा करणं' आहे! 1998 साली त्यांनी 55 चाचण्यांतल्या सुमारे 37,000 बायकांचा हिशोब छापला. ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेन या हार्मोनला धरून घेणारे रिसेप्टर होते, त्यांनी पाच वर्षं गोळी घेतली तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येत होतं, आणि मृत्यू साधारण चतुर्थांशाने कमी होत होते. एकट्या-दुकट्या चाचणीला हे इतक्या ठामपणे सांगता आलं नसतं. मावशीच्या चिठ्ठीवर "रोज एक" लिहिलंय, त्यामागे त्या बायका उभ्या आहेत. वाण्याची उधारी दहा वह्यांत विखुरलेली असली तर बेरीज करणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही.

आणि टॅमॉक्सिफेनचं पेटंट कधीच संपलंय. जुनी, स्वस्त गोळी. कंपन्यांचेच खिसे भरायचे असते तर आढाव्यांत तिचं इतकं कौतुक कशाला केलं असतं?

तोच धागा धरून "स्वस्त इलाज दडपतात" याकडे येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. गर्भाशयमुखाला पातळ सिरका लावायचा आणि डोळ्यांनी बघायचं, एवढीच तपासणी. त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2013 साली शिकागोत अमेरिकेच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या संमेलनात, मुख्य व्यासपीठावर हे सांगायला लावलं. किंवा त्याच टाटा मेमोरियलमधले सर्जन, आपले डॉ. राजेंद्र बडवे घ्या. स्तनाच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडचं ते बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं. सुमारे 1,600 बायकांच्या चाचणीत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण 86 वरून 90 टक्क्यांवर गेलं. 2023 साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'ने ते छापलं. सिरका छापला, लिग्नोकेन छापलं, मग हळदीशीच काय वैर? हळदीवर तर हजारो लेख आहेत. 2017 साली एका आढाव्याने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, 120 हून अधिक चाचण्यांचा संदर्भ देऊन लिहिलं की कोणाला खरी गोळी मिळाली ते डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही न सांगता, खोट्या गोळीशी तुलना करून केलेली त्यांतली एकही यशस्वी झालेली नाही. दडपलेली नाही, तपासून झाली आहे. भाजीत घाला.

रेटिंगचं एका दमात उरकतो. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागल्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी किती वेळा संदर्भ दिला गेला, भागिले त्या लेखांची संख्या. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या 'सीए' या जर्नलचा 2018 चा आकडा 223 च्या वर होता. कारण साधं आहे. त्यात लेख मोजकेच असतात आणि दरवर्षीची कॅन्सरची आकडेवारी तिथेच येते. जगभर कोणीही कॅन्सरवर लिहायला बसला की पहिल्याच वाक्यात तिचा संदर्भ देतो. विकत काय घ्यायचं त्यात?

संपादकांवर माझाही एक राग आहे, पण तो मेसेजमध्ये कुठेच नाही. भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळतो तो तोंडाचा कॅन्सर. आपल्या मांढरेच्या मातेच्या टेकडीला अख्खं गाव 'कॅन्सर पहाडी' म्हणतं. तिथल्या इस्पितळाच्या बाकांवर तासभर बसून बघा, गालाला रुमाल लावलेली किती माणसं दिसतात. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी टाटा मेमोरियलमध्ये तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचा माग काढायला सुरुवात केली, त्याला आता पाऊण शतक उलटलं. तरी विलायती रिव्ह्यू जर्नलांची अनुक्रमणिका चाळताना मला स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट हेच पानोपानी दिसायचं, आपलं तोंड क्वचित. संपादक कुठे राहतो, त्याच्या ओपीडीत कोण येतं, यावरून पान कोणाला मिळतं ते ठरतं. भांडायचं तर इथे भांडावं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा चहा झाला. रात्री जेवणानंतर तिने गोळी घेतली, पेन शोधलं, खूण केली आणि तिथेच उभी राहिली.

"अरे, आणि हे मागचे अकरा? आता दोन-दोन घेऊन भरून काढू का?"

"मुळीच नको," म्हटलं. "ते कोरेच राहू देत. पुढच्या खेपेला हे कालनिर्णयच काढून पहाडीवर ने, डॉक्टरांना दाखव."