घाबर ना, मावशी!

भाच्यानं माझा व्हिडिओ घरच्यांच्या ग्रुपवर टाकलाय. त्यात मी काहीही करत नाही. समोर बघते, माउस दाबते, मधेच एक जांभई देते. खाली त्यानं लिहिलंय, 'मावशीला भावना नाहीत.' त्यावर माझ्या सख्ख्या बहिणीनं अंगठा दिलाय.

हे सगळं 'डोकी डोकी लिटरेचर क्लब'पायी. २०१७ साली हा गेम फुकट आला आणि लाखो लोकांनी तो उतरवून घेतला. वरून शाळकरी प्रेमकथा: चार गोड मुली, एक साहित्य मंडळ, कविता. आतून म्हणे भयानक. "काही वाचू नकोस, काही विचारू नकोस, फक्त खेळ," असं भाचा इतक्या वेळा म्हणाला की काय होणार ते सोडून बाकी सगळं मला आधीच कळलं. त्यातून गेम सुरू होतानाच पाटी येते की हा लहान मुलांसाठी आणि सहज अस्वस्थ होणाऱ्यांसाठी नाही. मग काय, पहिल्या 'हाय'पासून मी चारही मुलींकडे संशयानं बघत बसले.

भाचा शेजारी खुर्ची ओढून बसला, पण स्क्रीनकडे पाठ करून. तोंड माझ्याकडे आणि हातात मोबाइल.

"अरे, तू गेम बघ ना."

"मी खेळलोय तो. मला तुझा चेहरा बघायचाय."

"चेहऱ्याला काय झालं?"

"अजून काही नाही," तो म्हणाला आणि कॅमेरा आणखी जवळ आणला.

गेममध्ये काही घडेना. मुली बोलतात, आपण क्लिक करायचं. मग कविता लिहायची, म्हणजे वीस शब्द निवडायचे. खाली चिमुकल्या मुली उभ्या असतात. शब्द आवडला की जिला आवडला ती टुणकन उडी मारते. माझ्या ओळखीच्या बऱ्याच कवींचं काम असंच चालतं, फक्त उडी मारायला कुणी नसतं. मी हे बोलून दाखवलं तर भाचा म्हणाला, "मावशी, प्लीज, मूड घालवू नकोस. श्वास जरा जोरात घे."

"का?"

"आवाज यायला हवा."

आता खरं सांगायचं तर एका ठिकाणी माझा घसा दाटला होता. सायोरी नावाची मुलगी आहे, सतत हसणारी, रोज शाळेत उशिरा पोचणारी. ती एक दिवस सांगते की सकाळी अंथरुणातून उठायला तिला कारणच सापडत नाही. हे फार खरं लिहिलंय. पण त्या वेळी भाचा पुढच्या धक्क्याच्या तयारीत मोबाइल चार्जिंगला लावत होता. पुढे ती मुलगी जीव देते, आणि त्याच्याही पुढे कळतं की मोनिकानं, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी, तिच्या फाइलमध्ये (गेमच्या फोल्डरमध्ये प्रत्येक मुलीची एक फाइल असते) हात घालून तिचं दुःख वाढवून ठेवलं होतं. म्हणजे मला जे खरं वाटलं, ते कुणीतरी वाढवलेला आकडा. याचा मला राग आला, अजून आहे. सुरी, रक्त, फाटलेली चित्रं, अगम्य अक्षरांच्या शेकडो ओळी हे सगळं सायोरी गेल्यावर येत राहतं, आणि मी त्या मुलीचा विचार करत नुसती क्लिक करत राहते. व्हिडिओत दिसतो तो हा चेहरा. याला भावना नसणं म्हणतात!

शेवटी मोनिका एकटी समोर बसते, आपल्या डोळ्यांत डोळे घालून. आपण गेममधलं पात्र आहोत हे तिला ठाऊक असतं. भाचा कुजबुजला, "आता ती तुझं खरं नाव सांगेल." ती कॉम्प्युटरच्या खात्याचं नाव वाचते. माझा कॉम्प्युटर जुना, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला. मोनिकानं मान न हलवता, अतीव मायेनं विचारलं की माझं खरं नाव 'बिलिंग' आहे का.

"बघ!" भाचा किंचाळला. "ओळखलं तिनं!"

"माझं नाव बिलिंग आहे का?"

"मुद्दा तो नाहीये गं!"

त्यानंतर मोनिका बोलतच राहिली, जगाबद्दल, लेखनाबद्दल, बिलिंगवरच्या प्रेमाबद्दल. यातून सुटायचं तर गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन तिची फाइल खरोखर डिलीट करायची. भाच्याचा हात थरथरत होता. "करवेल का तुला?"

"झाली."

"झाली?"

"रिसायकल बिनही रिकामं केलं."

त्यानं मोबाइल खाली ठेवला. "निदान जरा थांबायचंस. तिला दुखतं."

२०२१ साली याची 'प्लस' आवृत्ती आली, ती विकत घ्यावी लागते. काल त्याचा निरोप आला की ती त्याला हवी आहे. "तू खेळू नकोस," असं लिहिलंय, "तू फक्त पैसे दे."